मरून सुटातली व्याहीभेट

माझ्या आयुष्यात मी एकच सूट शिवला, आणि तो अंगात घालून माझ्याच मुलीच्या लग्नात अकरा जणांना पाणी दिलं.

अकरा हा आकडा अंदाजाने सांगत नाही. मी धंदेवाला माणूस आहे. अपमान असो की साडी, मोजून घेतल्याशिवाय हातावेगळी करत नाही!

या सगळ्याच्या मुळाशी आहेत नाना. नाना म्हणजे माझ्या बायकोचे थोरले बंधू. बँकेत मॅनेजर. त्यांच्याजवळ तीन सूट: एक निळा, एक करडा आणि एक असा, की ज्याच्या रंगाबद्दल घरात एकमत नाही. काशीतल्या आमच्या मराठी मंडळींत कुणाचंही कार्य असो, नाना सूट घालून येणार आणि कुणीतरी धावत जाऊन पहिल्या रांगेतली खुर्ची पुसून देणार. मग नाना बसणार, पायावर पाय टाकणार आणि मान वळवून मला म्हणणार, "विनायकराव, तुम्ही काय, घरचेच! जरा पाण्याचं बघता का?"

घरचेच! बावीस वर्षं मी घरचाच होतो. मुंजीत पाण्याचं बघितलं, बारशात बघितलं, एका साठीशांतीत तर पाण्याचं आणि पंख्याचं दोन्ही बघितलं. खुर्ची काही मिळाली नाही. कारण मी पायजमा-कुडत्यातला माणूस.

तसा मी काही टाकाऊ नव्हे. वडील वेदपाठी भिक्षुक, घरात पोथ्या भरपूर आणि तांदूळ बेताचे. सोळाव्या वर्षी मी खांद्यावर दुसऱ्याच्या साड्यांचं गाठोडं घेतलं, आणि चाळिशीच्या आत चौकात स्वतःची गद्दी घातली. पुण्या-नागपूरहून लोक लग्नाचे शालू घ्यायला माझ्याकडे येतात. मी सांगितलेल्या पहिल्या भावाला शालू घेणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे, आणि मला तोट्यात घालून शालू नेणारंही! पण हे सगळं खुर्चीला कोण सांगणार? खुर्चीला फक्त सूट दिसतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गल्लीत नुकती केबल आली होती आणि माझ्या सुधाचं लग्न ठरलं होतं. स्थळ जबलपूरचं. मुलगा इंजिनियर. मुलाचे वडील रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर, पण तेव्हा त्यांची बदली दूर आसामात. त्यामुळे बोलणी मुलाची आई आणि मामा करून गेले. वडिलांचा फक्त फोटो आला. सूट, टाय, छातीच्या खिशात रुमाल, आणि चेहऱ्यावर आगगाडी वेळेवर आल्यासारखं समाधान.

तो फोटो पाहून बायको म्हणाली, "केवढे साहेब आहेत हो!"

मी स्वतःच्या पायजम्याकडे पाहिलं. हे साहेब मला बघणार. पायजम्यातला, गाठोडंवाला. उद्या घरी गेल्यावर म्हणणार, सूनबाई, तुमचे वडील तेच ना, जे पाणी देत होते? माझ्या पोरीने जन्मभर त्या घरात खाली मान घालायची? मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "मी सूट शिवणार!"

"अहो, पण कन्यादानाला सोवळंच नेसावं लागतं. सूट घालणार कधी?"

"आदल्या संध्याकाळी. सीमांतपूजनाला. व्याहीभेट होते ना तेव्हा? सूट सुटाला भेटेल!"

"आणि जावयाचे पाय धुताना?"

"धुईन! इंग्रज काय पाय धूत नसतील?"

(लग्नाला बावीस वर्षं झाली की बायका उत्तरं साठवून ठेवतात.)

लग्नाची तयारी मी एकट्याच्या डोक्याने चालवली होती. प्रत्येक ठेकेदाराला घाम फोडला. जेवणाच्या ठेकेदाराशी तर तीन दिवस भांडलो. शेवटी भाव माझ्या मनासारखा झाला, तरी जाता जाता मी एक अट घातलीच. "वेटर्स नयी वर्दी में होने चाहिए. पुरानी, डागवाली वर्दी दिखी तो एक पैसा नहीं दूँगा!" तो बिचारा कपाळ पुसत म्हणाला, "नयी सिलवा देंगे, पंडितजी. आप बस बैठ जाइए." मी जिंकलो. असल्या जिंकण्याने माणसाचं काय वाटोळं होतं, ते पुढे येईलच.

मग मी लतीफ मास्टरकडे गेलो. रेशीम मला अंधारातसुद्धा कळतं. चिमटीत धरलं की जर खरी का खोटी सांगतो. सुटाचं कापड मात्र मी जन्मात हातात धरलं नव्हतं. पण हे शिंप्याला कशाला कळू द्यायचं? मी दुकानातला एकेक तागा चिमटीत धरून नाक मुरडत गेलो. मास्टरने भाव सांगितला. मी निम्मा केला. तो हसला. मी उठलो. त्याने बसवलं. मी पुन्हा उठलो. असं चार वेळा झाल्यावर त्याने चष्मा कपाळावर ढकलला.

"पंडितजी, एक काम कीजिए. एक बड़ी पार्टी का आर्डर आया है. मरून कोट, काली पतलून. पूरा थान मँगाया है. आपका भी उसी में से निकल आएगा. कपड़ा सस्ता पड़ेगा."

"आणि शिलाई?" (मी घाईत मराठीत विचारलं, पण काशीतल्या शिंप्याला घासाघीस कुठल्याही भाषेत कळते.)

"सिलाई तो अलग."

"अलग क्यों? पार्टीवाले भाव में ही सिलो! एक और सही. बटन भी वही लगाओ, नाप छोड़कर सब वही!"

मास्टरने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. "सब वही?"

"सब वही!" मी ठणकावून सांगितलं.

बड़ी पार्टी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कुठल्यातरी जमीनदाराची वरात उभी राहिली. ती कुठली पार्टी, हे विचारायचं मला सुचलं नाही. भाव कमी होत असताना दुसरा प्रश्न विचारू नये, असा माझा नियम आहे.

टायची गाठ मला काही केल्या येईना. आरशासमोर दोनदा स्वतःला फाशी दिली. शेवटी बाजारातून एक काळी तयार 'बो' आणली, मागून इलॅस्टिकची. गळ्यात अडकवली की झालं. बायको बघून म्हणाली, "काहीतरी चुकतंय हो." मी म्हणालो, "तुला सवय नाही."

सूट ताब्यात घेतला त्या दुपारी तो घालूनच मी चौकातून घरी निघालो. आणि काय सांगू! मी गल्लीत शिरलो तसं एकेका दुकानाचं शटर खडाखड खाली यायला लागलं. पितळेवाला आत, पेठेवाला आत, माझ्या शेजारचा साडीवाला तर मागच्या दाराने पसार! आपला केवढा दरारा पडला, म्हणून मी छाती काढून चालत राहिलो. रस्त्यात आडवा बसलेला सांड तेवढा उठला नाही. (तो नानांसाठीही उठत नसे.) संध्याकाळी शेजारी माझ्याकडे येऊन कुजबुजला, "गुरू, सुना? आज सेल टैक्स वाला घूम रहा था. मोटा सा, मरून कोट में!"

तेव्हाच मी शहाणा व्हायला हवं होतं.

सीमांतपूजनाचा दिवस उजाडला. आमच्या घराजवळच्या एका धर्मशाळेत कार्य होतं. मुलाकडची मंडळी सकाळीच उतरून दुसऱ्या एका धर्मशाळेत मुक्कामाला गेली होती (मी मांडवात अडकलो होतो, उतरवून घ्यायला माणूस पाठवला), आणि पाच वाजता वाजतगाजत येणार होती. साडेतीनला मी सूट, बो, खिशात रुमाल अशा थाटात दाराशी उभा राहिलो. फोटोतला चेहरा मी पाठ केला होता. खरं सांगायचं तर चेहरा नाही, सूट पाठ केला होता.

पावणेचारला गल्लीतून एक गृहस्थ आले. ओलसर धोतर, खांद्यावर उपरणं आणि शाल, कपाळभर भस्माचे पट्टे, हातात गंगाजलाचा तांब्याचा गडू. आमच्या काशीत कुठेही मांडव पडला की असे गुरुजी वास काढत येतात. त्यात काही गैर नाही. लग्न लागलं की जमलेल्या ब्राह्मणांना दक्षिणा द्यायची, ही चालच आहे. पण आज लग्न नव्हतं.

"लग्नघर हेच का?" त्यांनी विचारलं. मराठीत. (काशीत मराठी गुरुजींना काय तोटा!)

"हेच. पण गुरुजी, तुम्ही एक दिवस लवकर आलात. दक्षिणा उद्या, अक्षता पडल्यावर."

"दक्षिणा?" ते हसले. "मला दक्षिणा नको हो."

माझी खात्री पक्की झाली. जो आधी नको म्हणतो, तो शेवटी दुप्पट घेतो. हे मी पंचवीस वर्षं धंदा करून शिकलोय.

"सगळे असंच म्हणतात. पाच रुपये आणि एक नारळ. वर काही नाही."

"अहो, मी मुलाकडचा आहे."

"मुलाकडचे गुरुजी? मग तर पाचसुद्धा नाहीत! मुलाकडच्या गुरुजींचं मुलाकडच्यांनी बघायचं, हे बोलणीत ठरलंय. मामांनी मान हलवलीय!"

"मामा काय, कशालाही मान हलवतात," ते म्हणाले. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कोट पाहिला, बो पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उलगडा झाल्यासारखं दिसलं. "असं होय! इथलं सगळं तुमच्याकडे आहे वाटतं?"

"सगळं! मांडव, जेवण, बैठक, सगळं माझ्याच डोक्यावर!"

"छान. चोख ठेवलंय. आणि मराठी काय सुंदर बोलता!" असं म्हणून त्यांनी कनवटीची दहाची नोट काढून माझ्या हातावर ठेवली. "असू द्या. पाहुण्यांना सांभाळून घ्या हं."

ब्राह्मणाने यजमानाला पैसे दिले! काशीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत असावं. मी गडबडलो. पण हातात आलेला पैसा परत करू नये, हा माझा दुसरा नियम. नोट खिशात टाकली, आणि म्हाताऱ्याच्या दिलदारीने वरमून मीही त्यांच्या हातात पाच रुपये आणि नारळ कोंबला. "घ्या! नाही म्हणू नका. आता मागच्या ओसरीवर बसा, तिथे आपले दहा गुरुजी बसलेत. चहा मिळेल."

ते नारळाकडे बघत मुकाट्याने मागे गेले. एक सौदा न भांडता मिटला म्हणून मी खूश झालो.

पाचला ताशा-सनई वाजली आणि वऱ्हाड आलं. मी पुढे होऊन हात जोडले. पहिल्याच एका मावशींनी माझ्या जोडलेल्या हातात रिकामा पेला ठेवला. "भैया, पानी."

मी म्हटलं, असेल त्यांची पद्धत. मुलाकडच्यांनी यजमानाकडून सेवा करून घ्यायची, यात नवल ते काय? पाणी आणून दिलं. शेजारच्या काकूंनी मागितलं. त्यांना दिलं. मग एक काका, मग काकांचे मित्र. "भैया, इधर भी." "भैया, गरम नहीं है क्या?" प्रत्येक पेल्याबरोबर माझा पारा एकेक अंश चढत होता. पण व्याह्यांचा पत्ता नव्हता आणि पहिल्याच भेटीत बोभाटा नको, म्हणून मी दात दाबून हसत होतो. नऊ झाले, दहा झाले.

आणि तेवढ्यात पाठमोऱ्या खुर्चीतून, मान न वळवता, एक ओळखीचा आवाज आला. "ए भैया! एक पानी, दो चाय. चीनी कम."

निळा सूट. पहिली रांग. नाना!

बावीस वर्षं "विनायकराव, पाण्याचं बघता का" ऐकलं, आणि आता सूट शिवल्यावर माझं नावसुद्धा गेलं! मी पाणी त्यांच्या हातात आदळलं. (तो अकरावा.) तोंड उघडून काहीतरी बोलणार, इतक्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि ठेकेदाराचे सात वेटर ट्रे घेऊन रांगेने बाहेर पडले.

मरून कोट. काळी पँट. पितळी बटणं. काळी बो.

सब वही!

त्यांतला एक माझ्या जवळ येऊन आपुलकीने कानात म्हणाला, "चाचा, ट्रे कहाँ है आपका? मालिक बहुत खड़ूस है, देख लेगा तो पैसा काट लेगा."

मी आतल्या खोलीकडे धावलो. बायको ताटं लावत होती. "माझा कुडता कुठाय? कुडता!"

"घरी. तुम्हीच म्हणालात ना, आता जन्मात त्याला हात लावणार नाही? आणि अहो, आधी हे ऐका. व्याही सापडत नाहीयेत!"

"म्हणजे?"

"दुपारी पंचगंगा घाटावर स्नानाला गेले, आणि तिथून परस्पर इकडे येतो म्हणाले. अजून आले नाहीत. विहीणबाई रडकुंडीला आल्यात. बोळात चुकले की काय कोण जाणे!"

नवऱ्या मुलाचा चेहरा उतरला होता. मामा कशालाही मान हलवत फिरत होते. नवरीच्या खोलीच्या दारात सुधा शालू नेसून उभी होती. तो शालू मी कुणालाही विकला नव्हता, दोन वर्षं तिच्यासाठी कपाटात ठेवला होता. ती मला म्हणाली, "बाबा, ते रागावून परत तर गेले नसतील? आपल्याकडून काही चुकलं का?"

"आपल्याकडून?" मी म्हणालो. "मी साडेतीनपासून दारात उभा आहे! एक ओला गुरुजी सोडला तर कुणीही..."

आणि माझा हात खिशातल्या दहाच्या नोटेवर गेला.

त्याच क्षणी मागच्या ओसरीवरून विहीणबाईंची किंकाळी आली, "अहो! तुम्ही इथे काय करताय?"

सगळी सभा मागे पळाली. ओसरीवर दहा गुरुजी आणि अकरावे व्याही मांडी घालून बसले होते. दहांच्या बरोबरीने व्याही मोठ्या तालात पुरुषसूक्त म्हणत होते. पुढ्यात मलइयोची, म्हणजे केशरी दुधाच्या फेसाची, तीन रिकामी कुल्हडं, आणि मांडीवर माझा नारळ.

"काय करतोय म्हणजे? बसलोय," व्याही शांतपणे म्हणाले. "इथल्या मालकांनी बसवलं. फार चांगली सोय आहे. पाच रुपयेही दिले."

"कुठले मालक?"

व्याह्यांनी बोट वर केलं. बोट माझ्या बोवर येऊन थांबलं.

पौरोहित्याला बसलेल्या आमच्या गुरुजींना मागे काय चाललंय याचा पत्ता नव्हता. त्यांनी मांडवातून खणखणीत पुकारा केला, "व्याहीभेट! दोन्ही व्याही समोर या!"

आम्ही दोघे एक-एक पाऊल पुढे आलो.

"तुम्ही?" व्याही म्हणाले.

"तुम्ही?" मी म्हणालो.

सनईवाल्याने घाबरून सनई खाली ठेवली. बायकोने माझ्या कोटाची बाही ओढली. "माफी मागा," ती दातांत पुटपुटली. मला माहीत होतं की माफी मागायची. मला मागायचीही होती. पण पंचवीस वर्षांची जीभ ती! माझ्या तोंडून निघालं, "सुटातला फोटो पाठवायचा आणि धोतरात यायचं, हा कुठला व्यवहार?"

मामांची मान पहिल्यांदाच हलायची थांबली. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. बहुधा मीच.

मग मला सुधा दिसली. ती खांबाला धरून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं. माझ्या अंगातला सगळा राग पायांतून निघून गेला. मी गळ्यातली बो ओढून काढली (इलॅस्टिक फटकन हनुवटीवर बसलं) आणि म्हणालो, "चुकलं माझं. तुम्ही साहेब माणूस. मी जन्मभर गाठोडं वाहिलं. तुमच्यासमोर पोरीची मान खाली जाऊ नये म्हणून हा सूट शिवला. तो कुणासारखा निघाला ते समोर दिसतंयच. जे बोलायचं ते मला बोला. तिला काही म्हणू नका."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागे ओळीने उभ्या असलेल्या सात वेटरांकडे पाहिलं. आणि त्यांचं पोट हलायला लागलं. आधी हळू, मग जोरात, मग हातातला नारळ निसटून गडगडत गेला आणि मावशींच्या पायाशी थांबला.

"विनायकराव," ते डोळे पुसत म्हणाले, "मला सांगितलं होतं, काशीच्या वैदिकांचं घर आहे. म्हटलं, आपण रेल्वेतली माणसं. सूट-बूट घालून गेलो तर म्हणतील, हे भ्रष्ट कुठून आले! म्हणून सूट पेटीतच ठेवला आणि भस्म फासून आलो. सकाळपासून भीती एकच, की तिथे कुणी मंत्र म्हणायला लावला तर काय? चार ओळी पाठ केल्या होत्या. त्या तुमच्या ओसरीवर वाया गेल्या बघा!"

मग त्यांनी हात पसरले. मीही पसरले. आम्ही कडकडून भेटलो.

टर्रर्र...!

पार्टीच्या भावात शिवलेला कोट पाठीत मानेपासून कमरेपर्यंत उसवला. थंडीचे दिवस होते, गंगेवरचा वारा थेट आत शिरला. व्याह्यांनी आपली शाल माझ्या पाठीवर टाकली. तशा शालीत मी जावयाचे पाय धुतले. दुसऱ्या दिवशी सोवळं नेसून कन्यादान केलं. त्या दोन दिवसांत मी अंगात सर्वांत कमी कपडे असताना सर्वांत जास्त रुबाबदार दिसलो, असं बायको अजून सांगते. सुधा सासरी गेली ती मान वर करून गेली, आणि तिथे तिच्या बापाचा विषय निघाला की सगळे हसतात, पण जेवायला बोलावतात.

लग्न उरकल्यावर मी फाटका कोट घेऊन लतीफ मास्टरच्या छातीवर बसलो. "मास्टर! बताया क्यों नहीं कि पार्टी कौन सी है?"

मास्टर सुईत दोरा ओवत म्हणाला, "आपने पूछा कब, पंडितजी? आप तो भाव पूछ रहे थे."

त्यानेच पाठीवर ओबडधोबड दुरुस्ती करून दिली. मरून दोरा संपला होता, म्हणून काळ्या दोऱ्याने. मानेपासून कमरेपर्यंत रेल्वेच्या रुळासारखी शिवण! मी तो सूट उचलून जेवणाच्या ठेकेदाराला देऊन टाकला. फुकट! (बायकोने माझं कपाळ चाचपून पाहिलं.)

नाना मात्र खरंच खजील झाले होते. बहिणीच्या नवऱ्याला भर मांडवात "ए भैया" म्हटल्याचं बायकोने त्यांना असं काही सुनावलं, की ते माझा हात धरून म्हणाले, "विनायकराव, पुढच्या वर्षी माझ्या मुलाचं लग्न आहे. पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची तुमची. मी स्वतः बसवणार. तोच सूट घालून या, म्हणजे गर्दीत पटकन दिसाल."

बावीस वर्षांनी खुर्ची! सूट देऊन टाकल्याचं काही मी बोललो नाही.

वर्षाने नानांच्या मुलाचं लग्न झालं. मी झकास धोतर नेसून गेलो, कपाळाला गंध लावलं आणि पहिल्या रांगेच्या जवळपास घुटमळत राहिलो. नाना करड्या सुटात लगबगीने आले. चष्मा बहुधा घरी राहिला होता. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते थेट पुढे गेले, कारण पुढे गर्दीत पाठमोरा एक मरून कोट उभा होता, आणि त्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत काळी शिवण होती.

नाना आपल्या शब्दाला जागले. त्यांनी त्याला मागून दोन्ही खांद्यांना धरलं, "उभे काय? बसा, बसा! आज तुमचा मान!" म्हणत पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीत दाबून बसवलं, आणि तसेच वऱ्हाडाच्या स्वागताला धावले. आमच्याच त्या ठेकेदाराचा वेटर ट्रे मांडीवर घेऊन भेदरून बसून राहिला.

जाता जाता नानांनी माझ्या धोतराकडे ओझरतं पाहिलं.

"गुरुजी, त्यांना जरा पाणी द्या."

दिलं. तो बारावा.